डिझाइन रिव्ह्यूची टीम ठरवताना प्रत्येकाची शिकण्याची पद्धत विचारात घ्यावी का?

ऐरोलीचा_रिव्ह्यूवाला

सप्रेम नमस्कार. मी ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली अकरा वर्षे काम करतो आणि सध्या आठ जणांच्या टीमच्या डिझाइन रिव्ह्यूची, म्हणजे कोड लिहिण्यापूर्वी प्रणालीचा आराखडा सर्वांनी मिळून तपासण्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. न्हावा-शेव्याच्या आसपासच्या कंटेनर यार्डांसाठी आम्ही प्रणाली बनवतो. ट्रेलरने किती वाजता यायचे याचे आगाऊ आरक्षण, गेटवरची नोंद, आणि कंटेनर उतरवून ट्रेलर बाहेर पडेपर्यंतचा सगळा हिशेब त्यात येतो.

मागच्या वर्षी आरक्षणाच्या भागाचे नवे डिझाइन आम्ही रिव्ह्यूला ठेवले होते. ज्याने ते केले तो टीममधील सर्वांत अनुभवी माणूस आहे आणि त्याचे काम नेहमीसारखेच नेटके होते. एकवीस स्लाइड्स होत्या आणि मधोमध एक मोठी आकृती होती, जिच्यात आरक्षणाच्या सात स्थिती वर्तुळांनी आणि त्यांच्यातील बदल बाणांनी दाखवले होते. बैठक दीड तास चालली. एकूण नऊ शेरे आले, त्यातील पाच रकान्यांच्या नावांबद्दल होते आणि दोन शुद्धलेखनाचे. डिझाइन मंजूर झाले आणि आम्ही समाधानाने चहाला गेलो.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री उरणच्या बाजूला ट्रेलरची रांग लागली. एक ट्रेलर गेटसमोरच्या रांगेत उभा असतानाच त्याच्या आरक्षणाची वेळ उलटली, प्रणालीने ती जागा मोकळी समजून दुसऱ्या ट्रेलरला दिली, आणि तासाभराने दोन्ही चालक एकाच क्रमांकाची जागा मागत खिडकीशी उभे राहिले. गेटवरच्या कारकुनाने दोघांनाही हाताने नोंद करून आत घेतले, त्यामुळे सकाळी हिशेबात एका जागेवर दोन कंटेनर दिसू लागले. ‘रांगेत’ या वर्तुळातून ‘मुदत संपली’ या घटनेसाठी कोणताच बाण काढलेला नव्हता, एवढीच चूक होती.

मला टोचले ते पुढचे. आमच्याकडे पनवेलहून येणारी, दोन वर्षांचा अनुभव असलेली एक मुलगी आहे. बैठकीत ती एक शब्दही बोलली नव्हती. गोंधळाची चौकशी करताना तिने आपली वही उघडून दाखवली, तर त्या बैठकीच्याच संध्याकाळी ट्रेनमध्ये बसून तिने एक तक्ता मांडला होता. उभ्या बाजूला सात स्थिती, आडव्या बाजूला आठ घटना, म्हणजे एकूण ५६ घरे. त्यातील १३ घरे कोरी होती. नऊ घरांवर तिने काट मारली होती, कारण त्या स्थितीत ती घटना घडूच शकत नव्हती. उरलेल्या चार घरांत प्रश्नचिन्हे होती आणि त्यातील एक घर नेमके हेच होते. मी विचारले, “मग बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “सर, आकृती पडद्यावर होती तोवर मी नुसते बाण बघत होते. जो बाण काढलेलाच नाही तो आकृतीत दिसणार कसा? आणि तक्ता झाला तोवर मंजुरीची मेल आली होती.”

या प्रसंगानंतर आमच्याकडे प्रशिक्षणासाठी आलेल्या एका गृहस्थांनी सर्वांकडून वीसेक प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली आणि प्रत्येकाला ‘दृश्य’, ‘श्राव्य’ किंवा ‘करून शिकणारा’ असे रंगीत कार्ड दिले. प्रत्येक रिव्ह्यूत तिन्ही रंगांची माणसे असली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे आहे आणि आमच्या वरिष्ठांना ते फार आवडले आहे. मला ते पूर्ण पटत नाही, परंतु वहीतला तो तक्ता डोळ्यांसमोरून जातही नाही. माणसे माहिती वेगवेगळ्या रीतीने ग्रहण करतात याचा रिव्ह्यूच्या फलितावर खरोखर परिणाम होतो का, आणि होत असेल तर टीम त्यानुसार बांधावी का? ज्यांनी हे करून पाहिले आहे किंवा याचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नौपाड्याचे_सर

आपल्या प्रश्नात दोन वेगळे दावे एकमेकांत गुंतलेले आहेत. आपल्या प्रशिक्षकांनी ते आणखी घट्ट गुंतवून ठेवलेले दिसतात, म्हणून आधी ते सोडवून घेऊ.

पहिला दावा असा की प्रत्येक माणसाची एक ठरावीक अध्ययनशैली असते आणि तिच्याशी जुळणाऱ्या स्वरूपात माहिती दिली तर तो अधिक चांगला शिकतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात २६ वर्षे शिकवले आहे आणि हा दावा मलाही एके काळी मोहक वाटत असे. परंतु २००४ साली ब्रिटनमध्ये कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अध्ययनशैलींचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना अशी तब्बल ७१ प्रारूपे आढळली. त्यातील महत्त्वाची १३ त्यांनी बारकाईने तपासली, तर बहुतेकांचा पाया डळमळीत निघाला. २००८ साली पॅशलर, मॅक्डॅनियल, रोरर आणि ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी थेट या जुळणीच्याच दाव्याची छाननी केली. तो सिद्ध करायचा तर कोणत्या प्रकारचा प्रयोग हवा हे त्यांनी आधी ठरवले आणि मग तसे प्रयोग शोधले. वर्गात ही कल्पना वापरण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, या निष्कर्षाला ते आले. तेव्हा ‘दृश्य’ कार्डवाल्याला आकृती आणि ‘श्राव्य’ कार्डवाल्याला तोंडी वर्णन द्यावे, या सल्ल्याला आधार नाही.

दुसरा दावा निराळा आहे. तो शिकण्याबद्दल नसून शोधण्याबद्दल आहे. एकच दस्तऐवज दोन माणसांनी वेगवेगळ्या क्रमाने आणि वेगवेगळ्या ठिकाणी रेंगाळत वाचला, तर त्यांना सापडणारे दोष वेगळे असतील, आणि अशा माणसांच्या टीमला एकूण अधिक दोष सापडतील. पहिला दावा साफ खोटा ठरला तरी हा दुसरा खरा असू शकतो.

या दुसऱ्या दाव्यावर सॉफ्टवेअरच्याच क्षेत्रात काम झाले आहे. रिचर्ड फेल्डर हे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि लिंडा सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञ, या दोघांनी १९८८ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रारूप मांडले. पुढे फेल्डर आणि बार्बरा सोलोमन यांनी त्यावर ४४ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तिच्यात चार जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीला ११ प्रश्न: करून पाहणारा की मनात घोळवणारा, तपशिलाकडे ओढ असलेला की अर्थाकडे, चित्राकडे की शब्दाकडे, आणि पायरीपायरीने जाणारा की आधी संपूर्ण चित्र मागणारा. जाता जाता सांगतो, मूळ निबंधात तिसरी जोडी ‘दृश्य आणि श्राव्य’ अशी होती, ती फेल्डर यांनी स्वतःच पुढे बदलून ‘दृश्य आणि शाब्दिक’ अशी केली, कारण छापील शब्द हे डोळ्यांनीच वाचले जात असले तरी चित्र नव्हेत. आपल्याकडची कार्डे त्या दुरुस्तीच्याही मागे राहिलेली आहेत.

ही प्रश्नावली वापरून अनुराग गोस्वामी आणि गुरसिमरन वालिया यांनी अमेरिकेतील नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठात सॉफ्टवेअर तपासणीवर अभ्यास केले. लोकांनी गरजांचे दस्तऐवज, म्हणजे प्रणालीने काय काय करायला हवे हे सांगणारे कागद, स्वतंत्रपणे तपासायचे, आणि मग त्यांना सापडलेले दोष एकत्र करून कागदावर निरनिराळ्या टीम जुळवून पाहायच्या, अशी रीत होती. शैली भिन्न असलेल्यांच्या टीम सारख्या शैलीवाल्यांच्या टीमपेक्षा सरस ठरतात, असा त्यांच्या निष्कर्षांचा कल आहे. कारण साधे आहे: भिन्न माणसांना तेच तेच दोष कमी वेळा सापडले.

मात्र एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. त्या टीम कागदावरच्या होत्या. प्रत्येकाने एकट्याने, आपल्या वेगाने वाचले होते, आणि कोणी पडद्यावर स्लाइड पुढे सरकवत नव्हते. आपल्या आठ जणांत विविधता नव्हती असे मला वाटत नाही. दीड तास सर्वांना एकाच माणसाच्या क्रमाने, त्याच्याच आकृतीतून चालवल्यामुळे ती विविधता दारातच अडली. रचनाकाराची वाट जिथून जात नाही तिथे त्याच्या मागून चालणारेही जात नाहीत. म्हणून तक्ता ट्रेनमध्ये जन्मला.

आणखी एक शंका. त्या मुलीने तक्ता मांडला ही तिची ‘शैली’ आहे असे आपण गृहीत धरले आहे. तिला तो कोणी शिकवला होता का, हे विचारून पाहावे.

वागळे_इस्टेट_क्र_१६

आमची कंपनी चार जणांची आहे, त्यामुळे शैली पाहून टीम निवडण्याची चैन आम्हाला परवडत नाही. जे आहेत तेच रिव्ह्यूला बसतात, त्यातील एक जण त्याच वेळी ग्राहकाच्या फोनवर असतो. माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फरक कोण आधी बोलतो याने पडतो. मालक पहिल्या पाच मिनिटांत “छान झाले आहे” म्हणाले की पुढचे सगळे शेरे स्वल्पविरामांबद्दल असतात. आता आम्ही सर्वांत नव्या माणसाला आधी बोलायला लावतो. हा उपाय फुकटचा आहे आणि त्याला प्रश्नावली लागत नाही.

घणसोलीची_टेस्टर

प्रथम त्या कार्डांबद्दल माझी एक तक्रार नोंदवते. आधीच्या एका नोकरीत मलाही असेच कार्ड मिळाले होते, ‘श्राव्य’ असे. त्यानंतर दोन महिने आमचा लीड मला आकृत्या पाठवेनासा झाला. तो प्रेमाने फोन करून अर्धा तास डिझाइन ‘ऐकवत’ असे आणि मी हळूच दुसऱ्या सहकाऱ्याकडून फाइल मागवून घेत असे. माणसाला खूण चिकटवली की लोक त्या खुणेशी वागू लागतात.

सरांनी केलेले विभाजन मला पूर्ण मान्य आहे. मी त्यापुढे एक पाऊल टाकून असे म्हणेन की कोणाची शैली कोणती हे शोधत बसण्यापेक्षा वाचण्याची दिशा वाटून द्यावी. ही कल्पना जुनी आहे. मायकेल फेगन यांनी १९७६ साली आयबीएममधील तपासणीची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनीही बैठकीचा संचालक, रचनाकार, प्रोग्रामर आणि टेस्टर अशा भूमिका ठरवल्या होत्या. पुढे व्हिक्टर बॅसिली आणि सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुमारास दृष्टिकोनानुसार वाचनाची पद्धत नासाच्या गोडार्ड केंद्रातील व्यावसायिकांवर तपासली. एकाने वापरकर्ता म्हणून वाचायचे, एकाने रचनाकार म्हणून आणि एकाने टेस्टर म्हणून. त्यातील खरी युक्ती भूमिकेच्या नावात नाही. वाचणाऱ्याने वाचता वाचता काहीतरी तयार केले पाहिजे, ही ती युक्ती. टेस्टरने चाचण्या लिहायच्या, वापरकर्त्याने कामाचे प्रसंग लिहायचे. चाचणी लिहिताना अपेक्षित उत्तर भरता येत नाही, तिथे डिझाइन गप्प आहे हे आपोआप कळते. तुमच्या पनवेलच्या सहकारिणीने नेमके हेच केले. तिने डिझाइन वाचले नाही, त्यातून तक्ता बनवला.

माझे एक उदाहरण देते. परताव्याच्या एका डिझाइनवर मला लेखापालाच्या भूमिकेतून वाचायला सांगितले होते. लेखाशास्त्राचा आणि माझा संबंध घरखर्चाच्या वहीपुरताच आहे, तरी मी एका काल्पनिक ग्राहकाची खतावणी मांडायला बसले. तीन वस्तूंवर मिळून १०० रुपयांची सवलत होती आणि ती तिघींवर सारखी विभागायची होती, म्हणजे प्रत्येकी ३३ रुपये ३३ पैसे. तिन्ही वस्तू एकेक करून परत आल्या तर सवलतीचे ९९ रुपये ९९ पैसे जुळतात आणि एक पैसा हवेत लटकतो. तो कोणत्या वस्तूच्या खात्यात जायचा हे चौदा पानांत कुठेही लिहिले नव्हते. टेस्टर म्हणून मी ते डिझाइन आधी दोनदा वाचले होते आणि दोन्ही वेळा माझे लक्ष चुकीच्या रकमा, रिकामे रकाने, तुटलेले कनेक्शन यांकडेच गेले होते. मी तीच, माझी ‘शैली’ तीच, हातातले काम बदलले आणि दोष दिसला.

ही पद्धत रामबाण आहे असे मात्र कोणी समजू नये. गोडार्डच्या त्या प्रयोगात एटीएम आणि वाहनतळ अशा सर्वसाधारण विषयांच्या दस्तऐवजांवर फायदा स्पष्ट दिसला, पण तिथल्या लोकांच्या रोजच्या कामातील दस्तऐवजांवर तो तसा दिसला नाही. ओळखीचा कागद हाती आला की माणूस आपल्या जुन्या सवयीने वाचू लागतो. आमच्याकडेही हेच होते. वर्षानुवर्षे एकाच मॉड्यूलवर असलेल्याला भूमिका दिली तरी तो पानाच्या तिसऱ्या ओळीपासून पुन्हा स्वतःच होतो.

ऐरोलीचा_रिव्ह्यूवाला

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सहा आठवडे लागले, कारण बोलण्याआधी करून पाहायचे ठरवले होते.

सरांच्या शंकेचे उत्तर आधी देतो. मी त्या सहकारिणीला विचारले आणि ती हसली. ती पदविकेला असताना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सिग्नलच्या दिव्यांचे सर्किट बनवायचे होते, आणि तिथल्या मॅडम स्थितींचा तक्ता पूर्ण भरल्याशिवाय कोणालाही सर्किटला हात लावू देत नसत. एकही घर कोरे असेल तर जर्नल परत. तेव्हापासून बाण दिसले की तिचा हात तक्त्याकडे जातो. प्रश्नावलीत मात्र तिला ‘दृश्य’ कार्ड मिळाले होते, म्हणजे आमच्या योजनेनुसार तिला आकृतीसमोरच बसवले गेले असते!

आम्ही दोन रिव्ह्यू नव्या रीतीने केले. स्लाइड्स बंद केल्या, लेखी डिझाइन तीन दिवस आधी दिले आणि चार जणांना चार कामे दिली: तक्ता भरणे, गेटवरच्या कारकुनाचा एक दिवस लिहून काढणे, बिघाडाच्या चाचण्या लिहिणे, आणि शेजारच्या प्रणालींशी होणारी देवाणघेवाण मांडणे. शेरे बैठकीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत लेखी मागवले. पहिल्या रिव्ह्यूत बैठकीआधीच १४ वेगवेगळे दोष हाती आले आणि प्रत्यक्ष बैठकीत आणखी दोनच सापडले. बैठकीचा उपयोग शोधण्यापेक्षा वाद मिटवण्यासाठीच झाला.

किंमतही सांगायला हवी. प्रत्येकाचे तयारीत दोन-अडीच तास गेले आणि दोघांनी त्याबद्दल उघड कुरकुर केली. अनुभवी रचनाकार पहिल्या यादीनंतर दिवसभर कोणाशी बोलला नाही. दुसऱ्या रिव्ह्यूत तक्त्याचे काम मी मुद्दाम त्यालाच, दुसऱ्याच्या डिझाइनवर दिले. त्याने ते अत्यंत कसोशीने केले. मला वाटले होते की त्याचा पिंड आकृतीचा आहे. तसे काही नव्हते.

आता एक हिशेबाचा प्रश्न आहे. दुसऱ्या रिव्ह्यूत दोघांनी स्वतंत्रपणे संपूर्ण डिझाइन तपासले. एकाला १२ दोष सापडले, दुसऱ्याला १०, आणि त्यातील सहा सामाईक होते. सामाईक दोष कमी असणे हे दोघे चांगले भिन्न असल्याचे लक्षण मानावे, की डिझाइनमध्ये अजून बरेच काही दडलेले असल्याचे?

कोपरीचा_आकडेमोड्या

दोन्हींचे असू शकते, आणि तुमच्या चर्चेतील सर्वांत नाजूक जागा हीच आहे.

ठाण्याच्या मासुंदा तलावात मासे किती आहेत हे सगळे न पकडता कसे सांगता येईल? आज १२ पकडून, खूण करून सोडून द्यायचे, उद्या पुन्हा जाळे टाकायचे. दुसऱ्या दिवशीच्या १० माशांत सहा खुणेचे निघाले, तर पहिल्या दिवशी आपण तलावातील दहातले सहा या प्रमाणात मासे पकडले होते असा अंदाज करता येतो. १२ ला १० ने गुणून ६ ने भागा, उत्तर २०. तुमच्या बाबतीत दोघांचे मिळून वेगवेगळे दोष १६ होतात, म्हणजे आणखी चारेक दडलेले असावेत. हा हिशेब सॉफ्टवेअरच्या तपासणीला लावण्याचे काम बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेत १९९२ साली आइक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, आणि तेही कोड लिहिण्यापूर्वी दोष किती असावेत याच्या अंदाजासाठीच.

परंतु यात एक गृहीत आहे: दोन्ही जाळ्यांत सगळे मासे सापडण्याची शक्यता एकमेकांइतकीच असली पाहिजे. एकाचे जाळे बारीक विणीचे आणि दुसऱ्याचे रुंद असेल, तर दोघांना मासेच वेगळे मिळतील, खुणेचे कमी निघतील आणि तलाव भरगच्च असल्याचा भास होईल. तुमच्या दोघांना १२ आणि १० दोष मिळून सामाईक फक्त दोनच निघाले असते, तर उत्तर ६० आले असते आणि तुमच्या वरिष्ठांनी डिझाइन फेकून द्यायला सांगितले असते. प्रत्यक्षात कदाचित एवढेच घडले असते की एकाने तक्ता भरला आणि दुसऱ्याने कारकुनाचा दिवस लिहिला.

म्हणजे तुम्ही जितकी विविधता मुद्दाम आणाल तितका हा अंदाज वरच्या बाजूला घसरेल. याच्या उलट, दोघेही अवघड दोषांकडे सारखीच पाठ फिरवत असतील तर सामाईक दोष भरपूर निघतील, अंदाज कमी येईल आणि खोटे समाधान मिळेल. मला ही दुसरी चूक अधिक घातक वाटते. तुमच्या पहिल्या, स्लाइडवाल्या बैठकीत आठही जणांकडून वेगळ्या याद्या मागवल्या असत्या, तर त्या जवळपास सारख्याच निघाल्या असत्या आणि या सूत्राने डिझाइन निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र दिले असते.

व्यवहारात आम्ही असे करतो: अंदाज हवा असेल तेव्हा दोघांना एकच भूमिका, एकच कागद आणि तेवढाच वेळ देतो, आणि सूत्र फक्त त्या दोघांनाच लावतो. दोष शोधायचे असतील तेव्हा भूमिका वेगळ्या देतो आणि सूत्र बाजूला ठेवतो. तसेच गुणाकाराला बसण्याआधी खोटे दोष वगळा. एकाच्या यादीतील तीन शेरे गैरसमजातून आलेले असतील तर सगळे गणित फुगते.

नौपाड्याचे_सर

पदविकेच्या त्या मॅडमना माझा नमस्कार कळवावा, शक्य असल्यास.

मूळ प्रश्नाकडे परत येऊन एवढेच जोडतो की यामुळे व्यक्तिभेद नाहीसे होत नाहीत. काहींना संपूर्ण चित्र हाती आल्याशिवाय तक्त्याचे पहिले घरही भरवत नाही, आणि काहींचे पहिल्या घरापासूनच डोके चालू लागते, हे मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहे. म्हणून तयारीसाठी तीन दिवस देण्याचा आपला निर्णय मला भूमिकांच्या वाटपाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्या तीन दिवसांत प्रत्येक जण कोणाला न सांगता आपल्या पद्धतीने कागदापर्यंत पोहोचतो. मात्र कोणाला किती दोष सापडले हा आकडा वार्षिक मूल्यमापनात जाऊ देऊ नका. फेगन यांनीही तपासणीचे निकाल प्रोग्रामरच्या मूल्यमापनासाठी वापरू नयेत असे बजावले होते, आणि एकदा तो आकडा वरिष्ठांच्या टेबलावर गेला की शुद्धलेखनाचे शेरे परत येतील.

ऐरोलीचा_रिव्ह्यूवाला

मूल्यमापनाचा मुद्दा वेळेवर आला, कारण तशी विचारणा गेल्याच आठवड्यात झाली होती. याद्यांवरून आता नावे काढून फक्त भूमिका ठेवल्या आहेत. कार्डांबद्दल वरिष्ठांशी बोललो. ती कार्डे सध्या सर्वांच्या डेस्कवर आहेत, पण रिव्ह्यूसाठी कोणी ती विचारत नाही.

वहीतील चार प्रश्नचिन्हांचे काय झाले, असे एकाने मला व्यक्तिगत संदेशात विचारले आहे. तीन घरे आम्ही स्वतः भरली. ‘रांगेत’ असताना मुदत संपली तर आरक्षण आता सुटत नाही. रांगेतच ट्रेलर बंद पडला तर काय, हे चौथे घर कोणालाही भरता येईना, म्हणून ती सहकारिणी आणि मी एका शनिवारी यार्डात गेलो. कारकुनाने खिडकीच्या आतल्या बाजूला लावलेली एक तार दाखवली. बंद पडलेल्या ट्रेलरचा नंबर तो चिठ्ठीवर लिहून त्या तारेला टोचतो, मागच्यांना पुढे घेतो, आणि ट्रेलर चालू झाला की चिठ्ठी काढून त्याला सर्वांच्या आधी आत सोडतो. मुदतबिदत काही पाहत नाही. तिने तिथेच उभ्या उभ्या वही काढली आणि ते घर भरले.